पहिलं घर, दारातली बाग आणि परिग्रहाचं परिमाण



नवं घर झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "घर लागलं का?" लागलं म्हणजे काय, तर पडदे, सोफा, ओट्याखालची कपाटं आणि दारात रंगीत कुंड्यांची रांग. गृहप्रवेशाला पाहुणे येणार, त्या एका दिवसात घर पूर्ण दिसलं पाहिजे. मग घराचा हप्ता चालू असतानाच आणखी एक कर्ज होतं, कधी बचत गटातून, कधी दागिना ठेवून. दागिना कोणाचा असतो ते मी सांगायला नको.

माझं मत असं आहे की पहिलं घर पहिल्या दिवशी लागूच नये. ते वर्षभर हळूहळू लागावं. आणि ते कसं लावायचं, हे दारातल्या वाफ्यावरून शिकावं.

आपल्या पाच अणुव्रतांतलं शेवटचं व्रत परिग्रह-परिमाणाचं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना ज्या वस्तू मोजल्या आहेत, त्यांत सगळ्यात आधी क्षेत्र आणि वास्तू येतात, म्हणजे जमीन आणि घर. सोनं-चांदी त्यानंतर, आणि कपडेलत्ते सर्वांत शेवटी. आपण मात्र परिमाण करायला बसलो की साड्यांपासून सुरुवात करतो. घराचा विषय निघाला की "एकदाच तर बांधायचंय" म्हणून व्रत बाजूला राहतं. घर नको, असं व्रत सांगत नाही. किती हवं ते आधी ठरवा आणि मग ती रेघ ओलांडू नका, एवढंच सांगतं.

आमचं घर मैंदर्गीत, 500 चौरस फुटांचं. बारा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर झालं. खाली शहाबादी फरशी, पुढे दहा फूट मोकळी जागा आणि पश्चिमेला चार फुटांची पट्टी. घर झालं तेव्हा आम्ही दोघांनी एका वहीत आकडा लिहिला, की पहिल्या वर्षी घरसामान आणि बाग मिळून यापुढे जायचं नाही. तो आकडा लहान होता. म्हणून काय आधी आणि काय नंतर, याचा विचार करावाच लागला.

बागेत हा विचार कसा चालतो ते सांगते. बहुतेक जणी रोपांपासून सुरुवात करतात, कारण रोप दिसतं. पण आपल्या भागात रोप हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शेवटचा खर्च आहे. आधी पाणी, मग माती, मग रोप. माझ्या वहीतला पहिल्या वर्षाचा हिशोब असा: छताचं पाणी उतरवायला पाइप 1,400 रुपये, झाकणाचं जुनं पिंप 900, शेणखत 600, रोपं आणि बिया 240. एकूण 3,140. त्यात रोपांचा वाटा साधारण तेरावा हिस्सा.

पाण्याचं गणित सोपं आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. 500 चौरस फूट म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. एवढ्या छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की 46 लिटर पाणी होतं. म्हणजे पाच मिलिमीटरच्या एका सरीत 200 लिटरचं पिंप भरून वाहतं. वर्षभराचा हिशोब केला तर वीस-पंचवीस हजार लिटर पाणी आपल्याच छतावरून रस्त्यावर जातं. सगळं साठवायला टाकी लागते, ती आमच्या आकड्यात बसत नव्हती. म्हणून पिंप भरलं की वरचं पाणी थेट वाफ्यात जाईल असा उतार दिला. जमीन हीच आमची टाकी.

पिंपाला दुहेरी कापड आणि वर झाकण हवंच. उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, मग औषध टाकावं लागतं. जीव होऊच न देणं हे झालेल्या जिवाला मारण्यापेक्षा केव्हाही बरं. पाणी गाळून पिण्याची सवय असलेल्या घरात हे वेगळं समजवायला लागत नाही.

पावसाळ्यानंतरचं पाणी स्वयंपाकघरातून येतं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत जमतं आणि संध्याकाळच्या आत झाडांना जातं. न्हाणीचं साबणाचं पाणी कर्दळीला.

मातीचं म्हणाल तर नव्या घराच्या भोवती माती नसतेच. वाळू, मुरूम, सिमेंटचा राडारोडा असतो. तो वेचून काढल्याशिवाय कितीही महाग रोप लावलं तरी जगत नाही. आमच्याकडे हे काम दोन महिने चाललं, रोज थोडं थोडं. मग शेतातली काळी माती आणि शेणखत. नुसती काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वर पालापाचोळ्याचं जाड पांघरूण लागतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे माणूस होते, पण 'प्रयोग परिवारा'तून त्यांनी लोकांना हेच दाखवून दिलं, की घरच्या काडीकचऱ्यावर गच्चीतसुद्धा भाजी होते. आपल्या भागात तुराट्या, ज्वारीचं बुस्कट, रसवंतीवरची उसाची चिपाडं विचारलं तर सहज मिळतात. चिपाडं मात्र दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून, झटकून मगच वाफ्यात घाला. ओल्या गोडाला मुंग्या लागतात आणि मग आपलाच हात त्यांच्यावर पडतो.

आता जो प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो त्याकडे येते. मंदिरात एका ज्येष्ठ अक्कांनी मला सरळ विचारलं, "अगं, खणणं आलं, पाणी आलं, कीड आली. हा आरंभ कशाला वाढवतेस? भाजी बाजारात मिळते की." प्रश्न योग्य आहे, आणि त्याला हसून उत्तर देऊ नये.

गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला पूर्ण वर्ज्य. घर चालवताना होणारी आरंभी हिंसा सुटत नाही, ती कमी करत जायची. बाग आरंभात येते, हे मी मान्य करते. पण बाजारातली भाजी हिंसेविना येते का? ती ज्या शेतात पिकते तिथेही नांगर चालतो, आणि अनेकदा फवारणीही होते. फवारणारा हात आपला नसतो इतकंच. आपल्याकडे कृताबरोबर कारित आणि अनुमोदनाही मोजतात. पैसे देऊन घेतलेल्या भाजीत आपला वाटा शून्य आहे असं मला म्हणवत नाही. दारातल्या दोन वेलींवर काय होतं ते निदान मला दिसतं, आणि दिसतं म्हणून थांबवता येतं.

थांबवायचं कसं, तर झाडाची निवड आणि जागा यातूनच. "निंबोळी अर्काने कीड मरत नाही, नुसती पळते" असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते पूर्ण खरं नाही. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किडीची वाढ आणि कात टाकणं रोखतं, म्हणजे कीड मरतेच, फक्त हळू. नाव सात्त्विक आहे म्हणून फवारणी अहिंसक होत नाही. मी तोही वापरत नाही. त्याऐवजी वेली मांडवावर चढवते, झाडं एकमेकांपासून लांब लावते आणि जास्त कीड धरणारी भाजी लावतच नाही.

शेवगा जरूर लावा. फांदी खोचली की येतो, पैसे पडत नाहीत. पण दारात किंवा खिडकीजवळ नको. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे झुबके बसतात आणि लोक त्या मशालीने जाळतात. शिवाय लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडते. दारात शेवगा नको, या जुन्या समजुतीमागे बहुधा हेच असावं. घरापासून दूर लावला तर अळ्यांचे ते दिवस जाऊ देता येतात, कोणाला जाळावं लागत नाही. कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी येते. झाड मोठं असेल तर चार फांद्या तिच्या. रोप लहान असेल तर पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवा. खाणारी ती एकटीच नाही, आपणही त्याच झाडावर जगतो.

भाजीही आपल्या व्रतांच्या चालीने लावावी. कंदमुळांचा प्रश्नच नाही. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी बंद, म्हणून तेव्हा दोडका, घोसाळी, दुधी, गवार, आणि कार्तिकानंतर मेथी-पालक. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, पण वेल काही तिथी पाहत नाही. त्या दिवशीचा दोडका शेजारी जातो. प्रत्येक वेलीवर एक फळ बियांसाठी सोडायचं, म्हणजे दुसऱ्या वर्षी बियांचा खर्च नाही. काम दिवसाउजेडीच करायचं, जसं आपण जेवण उजेडी उरकतो, आणि त्याच कारणासाठी. वाळलेला पाला जाळायचा नाही. त्यात किती जीव दडलेले असतात ते आपल्याला दिसत नाही.

हे सगळं घराला कसं लागू होतं? तसंच. रोपाआधी पाणी, तसं सोफ्याआधी गळती आणि वायरिंग. वर्षभर राहिल्यावरच कळतं की दुपारी तीनला पश्चिमेची भिंत किती तापते. गृहप्रवेशाच्या आधी घेतलेल्या जाड पडद्यांच्या पैशांत त्या भिंतीबाहेर मांडव आणि वेल होते, आणि खोली जास्त गार राहते. कपाट कुठे हवं ते स्वयंपाक करणाऱ्या बाईला सहा महिन्यांनी नेमकं सांगता येतं. घाईत केलेलं घर दाखवायला होतं. सावकाश लावलेल्या घरात तिचं मत उतरतं, कारण तोवर ते घर तीच वापरत असते.

लोक बोलतात, हे खरं. आमच्या बैठकीत पहिलं वर्ष सतरंजीच होती आणि "सोफा कधी?" हे मी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. पण तेव्हा हप्ता एकच होता आणि माझ्या हातातल्या बांगड्या हातातच होत्या. टोमणा ऐकून घेणं हाही एक परिषह समजा. कर्जाच्या व्याजापेक्षा तो हलका आहे.

तुमच्यापैकी कोणाचं घर यंदा होत असेल तर एवढंच करा. गृहप्रवेशाच्या आधी दोघांनी मिळून एका वहीत आकडा लिहा आणि त्याखाली सही करा, तुमचीसुद्धा. जमलं तर मंदिरात उभं राहून वर्षभरासाठी तेवढंच परिमाण घ्या. आणि पहिला पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन बाहेर या. छताचं पाणी कुठे पडतं आणि कुठे वाहून जातं ते पाहा. पहिला वाफा तिथेच करा.

जय जिनेंद्र.