एमएच ३३ म्हणजे नेमकं कोण?

गोंडवाना विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजचं पार्किंग बघा. एमएच ३४ आणि एमएच ३३ एकमेकींना खेटून उभ्या असतात. पण एक गोष्ट तुम्हाला कधी खटकली का? गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे चंद्रपूर माय आणि गडचिरोली लेकरू. तरी लेकराचा नंबर ३३ आणि मायचा ३४! भंडारा-गोंदियाचंही तेच. भंडारा ३६, त्यातून १९९९ मध्ये निघालेला गोंदिया ३५.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि पाटीवर राज्याची दोन अक्षरं, मग कार्यालयाचे दोन अंक अशी पद्धत आली. तेव्हा गडचिरोली जिल्हा जेमतेम सात वर्षांचा होता. कागदावर ३३ चा अर्थ एवढाच की ही गाडी या परिवहन कार्यालयात नोंदली. पण नंबर कागदावर थांबत नाहीत ना.

अमेरिकेत नासकार नावाची कार रेस चालते. दिसायला शोरूममधल्या, आतून पूर्ण वेगळ्या गाड्या. तिथला ३ नंबर डेल अर्नहार्टचा म्हणून ओळखला जातो. खरं तर ज्युनिअर जॉन्सन, रिकी रड आणि खुद्द टीमचा मालक रिचर्ड चिल्ड्रेस यांनीही तो चालवला होता. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या लॅपमध्ये अर्नहार्ट गेला. चिल्ड्रेसने त्यानंतर मुख्य मालिकेत तो नंबर उतरवलाच नाही, गाडीला २९ लावला. ३ नंबर परत आला थेट २०१४ मध्ये, चिल्ड्रेसचा नातू ऑस्टिन डिलन याच्या गाडीवर. चाहत्यांत तेव्हा दोन तट पडले होते. गंमत अशी की नंबर ड्रायव्हरचा नसतो आणि टीमचाही नसतो. तो नासकारचा, टीमला फक्त वापरायला मिळतो. तो तिरपा ३ काढायची स्टाईल मात्र टीमच्या मालकीची. आणि त्याचा अर्थ? तो लोकांनी ठरवला.

आता आपल्याकडे या. नंबर सरकारचा, हे आधीपासूनच. स्टाईल तेवढी आपली होती. ४१४१ चं ‘दादा’, २१४ चं ‘राम’, ८०५५ चं ‘बॉस’. ती सोय आता गेली. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली. अक्षरं ठरलेली, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक. ‘दादा’ गेला याचं मला तरी काही वाईट वाटत नाही. पण पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची होती आणि ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. सिरोंचा ते गडचिरोली अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे हे लक्षात घेतलं, तर ‘ऑनलाइन बुक करा आणि बसवून घ्या’ हे वाक्य मुंबईत बसून लिहिलंय असंच वाटतं. दुसरीकडे पैसेवाल्यांसाठी वेगळी रांग आहेच. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने पसंतीच्या नंबरांची फी वाढवली. आपल्यासारख्या जिल्ह्यांत चारचाकीला ०००१ हवा असेल तर तीन लाखांचे पाच लाख झाले.

उरला अर्थ, आणि खरी गोची इथंच आहे. तुम्ही ३३ ची गाडी घेऊन नागपुरात किंवा पुण्यात शिकायला गेला असाल, तर ‘तिकडं भीती नाही का वाटत?’ हा प्रश्न ऐकलाच असेल. नंबर आपला, अर्थ दुसऱ्यांनी लावलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती साठ जणांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. आता तो जुना अर्थ हळूहळू पुसला जाईल. पण त्या जागी नवा अर्थ येतोय तो लोखंडाचा. सुरजागडचं खनिज, कोनसरीचा प्रकल्प आणि रस्त्यावर ट्रकच ट्रक.

त्या ट्रकवर ३३ किती, हा प्रश्न चहाच्या टपरीवर हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. आपला रस्ता, आपली धूळ, तर धंदा कोणाचा? पण पाटी वाचताना थोडं सांभाळून. पाटी गाडी कुठं नोंदली ते सांगते. मालक कोण, ड्रायव्हर कोण, हे सांगत नाही. नागपुरात नोंदलेला ट्रक महाराष्ट्रात कुठंही चालतो, नंबर बदलावा लागत नाही. वाहनाचा करही जिल्ह्याच्या नाही, राज्याच्या तिजोरीत जातो. आणि आपली लालपरी घ्या. अहेरी आगाराच्या बसवरही तुम्हाला एमएच ४० दिसेल, कारण ती एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेतून आली. म्हणून ती काय परकी झाली का?

नदीपलीकडे तर अजून मजा. आदिलाबादची पाटी एपी ०१ होती, २०१४ मध्ये टीएस झाली, मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी. माणसं तीच, गावं तीच. जिवती तालुक्यातल्या ज्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा आहे, तिथल्या कित्येकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आहेत. पण गाडीला पाटी एकच लावता येते. तिथं गाडी घेणाऱ्याला कुठलं तरी एक राज्य निवडावंच लागतं.

ट्रकचा वाद टपरीवर मिटणार नाही. केंद्राच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर कार्यालयनिहाय आकडे सगळ्यांना खुले आहेत. महाराष्ट्र निवडा, गडचिरोली निवडा, मालवाहू गाड्या बघा, मग वर्ष बदलून परत बघा. खाण वाढली तेव्हा ३३ चे ट्रक वाढले का, हे कळेल. बाहेर नोंदलेले पण इथं धावणारे ट्रक मात्र त्यात दिसणार नाहीत. ते मोजायचे तर वही घेऊन एक दिवस आलापल्लीच्या चौकात बसावं लागेल. मास कॉमच्या नाहीतर अर्थशास्त्राच्या कुणाला प्रोजेक्ट हवा असेल, तर विषय रिकामा आहे. रुमाल तेवढा सोबत न्या.