औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंचे दुबळेपण

औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या प्रतिकारातच त्यांचे दुबळेपण दडलेले असते आणि उपचारासाठी त्याचा लाभ घेता येतो, या विचाराला आता प्रयोगांचा आधार मिळू लागला आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये स्यूडोमोनास जीवाणूला मारणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीवाणू ज्या पंपाने औषध बाहेर फेकतो, त्यालाच हा विषाणू चिकटतो. पंप बदलला तर जीवाणू विषाणूपासून वाचतो. औषधापुढे मात्र उघडा पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो येथील संशोधकांना २०२४ मध्ये दुसऱ्या एका जीवाणूच्या प्रतिकारक्षम वाणात मॅग्नेशियमच्या तुटवड्याची अशीच उणीव आढळली.

भारतात हा प्रश्न सर्वाधिक जिव्हाळ्याचा आहे तो क्षयरोगाच्या संदर्भात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी डिसेंबर २०११ मध्ये, तपासलेल्या सर्व औषधांना निष्प्रभ करणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यासाठी वापरलेली 'पूर्णतः औषधप्रतिरोधक' ही संज्ञा केंद्र सरकारने अमान्य केली. संज्ञेचा वाद रंगला. रुग्णांच्या वाट्याचे दुखणे त्याने कमी झाले नाही.

रिफॅम्पिसिन हे क्षयावरील प्रमुख औषध जनुकांतील संदेश उतरवून घेणाऱ्या विकराला रोखते. ज्या जंतूत या विकराची घडण बदललेली असते, तो वाचतो. परंतु बदललेले विकर अनेकदा मंद चालते आणि जंतूची वाढ रेंगाळते. हीच ती किंमत. दुर्दैवाने ती कायमची नसते. पुढील जनुकीय बदलांनी ही तूट भरून निघू शकते, असे २०१२ मधील संशोधनातून पुढे आले. अर्धवट उपचार नेमकी हीच सवड जंतूला मिळवून देतात.

धारावीतील १०६ खासगी डॉक्टरांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या एकाच रोगासाठी ६३ निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या गेल्याचे आढळले होते. जंतूला याहून सोयीचे काय असणार?

क्षयाच्या जंतूची ही उणीव हेरून मारा करणारे औषध अद्याप रुग्णांच्या हाती आलेले नाही. तोवर भिस्त वेगावर आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचारांना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली; पूर्वी यासाठी वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत. रायपूरजवळच्या सिलतरा येथील पोलाद कारखान्यांसारख्या ठिकाणी कामासाठी आलेला मजूर वीस महिने एका जागी राहीलच, याची शाश्वती नसते. सहा महिने तो टिकण्याची शक्यता अधिक आहे.