पवनचक्कीची जागा

जबलपूरच्या परिसरात विजेच्या मोठ्या पवनचक्क्या चालाव्यात एवढा जोरकस वारा वाहत नाही. मध्य प्रदेशातील पवनचक्क्या मुख्यतः पश्चिमेस, देवास, रतलाम, मंदसौर या भागांतील टेकड्यांवर आहेत. तथापि त्यांच्या विजेचा मेळ घातला जातो तो जबलपुरातच. कारण राज्याचे विद्युत् भार-प्रेषण केंद्र या नगरात आहे. माळव्यात वारा पडला की दुसऱ्या केंद्रांतील वीज वाढवावी लागते. अशा वेळी जलविद्युत् उपयोगी पडते, कारण ती काही मिनिटांत कमीअधिक करता येते. जबलपूरजवळील बरगी धरणाचे ९० मेगावॉटचे वीजगृह हे अशा केंद्रांपैकीच एक होय.

वाऱ्यापासून वीज होते कशी, हे प्रथम पाहू. वाहत्या हवेच्या जोराने पाती फिरतात. पात्यांचा आस मिनिटाला दहा-वीस फेरेच घेतो. बहुतेक यंत्रांत दंतचक्रांच्या साहाय्याने ही गती कितीतरी पट वाढवून जनित्राला दिली जाते. जनित्रात चुंबक व तारेची वेटोळी एकमेकांच्या सापेक्ष फिरतात आणि, फॅरडेने १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे, तारेत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. वाऱ्यातील सर्व ऊर्जा मात्र काढून घेता येत नाही. तशी ती काढली तर हवा पात्यांमागेच थांबेल आणि नव्या हवेस वाट उरणार नाही. म्हणून ही मर्यादा सुमारे ५९ टक्के आहे.

येथे एक नियम विशेष ध्यानात ठेवावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते. म्हणूनच पवनचक्कीला उंच पठार किंवा डोंगराची धार हवी असते. परंतु डोंगराला थडकून वर चढणाऱ्या हवेवर ससाणे, घारी, गरुड हे शिकारी पक्षीही तरंगत असतात. यंत्राला जी जागा उत्तम, तीच अनेकदा पक्ष्यांनाही प्रिय असते.

याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर आढळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथील अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या क्षेत्रात शिकारी पक्षी शेजारच्या मोकळ्या क्षेत्राच्या मानाने जवळजवळ चौपट कमी होते. त्यांचे भक्ष्य असलेले, गळ्याशी पंख्यासारखी रंगीत कातडी असणारे सरडे मात्र पुष्कळ वाढले होते. भय उरले नसल्याने माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नसत. पण संख्या वाढल्याने त्यांना अन्न अपुरे पडून ते कृश झाले होते. पक्षी हटले आणि त्याचा परिणाम जमिनीवरील जीवांपर्यंत पोचला.

म्हणून पवनचक्क्या उभारू नयेत काय? आमचे मत तसे नाही. पवनचक्की चालताना कोळसा जळत नाही, धूर होत नाही, राख साचत नाही. धरणाचीही किंमत असते: बरगीच्या जलाशयामुळे दीडशेहून अधिक गावांना झळ पोचली. विजेचे कोणतेच साधन निर्दोष नाही, आणि त्यांत पवनचक्की पुष्कळच सौम्य आहे. आमचा आक्षेप आहे तो खडकाळ पठाराला ‘पडीक’ ठरवून मोकळे होण्याच्या वृत्तीवर. २००६ सालच्या केंद्रीय अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वसंमती आवश्यक केली आहे, त्यांच्या यादीत पवनचक्क्यांचा समावेश नाही. वनजमिनीपुरता वेगळा कायदा आहे. परंतु चाळकेवाडीसारखी उघडी पठारे कागदोपत्री अनेकदा वनात मोडत नाहीत.

तपासणीने विलंब होईल, असे कोणी म्हणतील. परंतु पवनचक्की उभारण्यापूर्वी जागेवर मनोरा उभा करून निदान वर्षभर वारा मोजतातच. त्याच वर्षात, त्याच जागेवर, ऋतुमानानुसार पक्ष्यांची व इतर जीवांची गणना करता येईल. गावकऱ्यांची गुरे कोठे चरतात, पाण्याच्या वाटा कोठून जातात, याचीही नोंद करावी. मग यंत्रे कोठे उभारावीत व कोणती धार मोकळी सोडावी, हे पुराव्यानिशी ठरेल. वाऱ्याचा वेग आपण दशांशापर्यंत मोजतो. तो ज्या भूमीवरून वाहतो तिची मोजणी वगळणे शास्त्राला शोभत नाही.