आडात असेल तरच पोहऱ्यात!



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. चार पाने, तीही पाठपोट लिहिलेली. मजकूर थोडक्यात असा : परदेशातल्या मुलाने आईच्या वाढदिवसाला भारी हेडफोन पाठवले. ह्या ताई लग्नाआधी सात वर्षे गाणे शिकलेल्या. तंबोरा माहेरी राहिला नि गाणेही तिथेच राहिले. गुरूंच्या शिकवणीच्या तीन कॅसेटी मात्र त्यांनी साड्यांच्या घडीत आजवर जपल्या आहेत. हेडफोन आल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने ते मोबाईलला लावले. पण आवाज कसला? माजघरात कुणी कुजबुजावे तसा! मग काय, घरातल्या सगळ्यांनी तोंडसुख घेतले. "ह्यापेक्षा दोनशे रुपयांचं कानात घालायचं बरं होतं की!" दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "ॲम्प्लिफायर लागेल, वर डॅक लागेल, चाळीस हजार धरून चाला." पत्राच्या शेवटी ताईंनी विचारले आहे, "पोस्टातली माझी ठेव मोडू का?"

ताई, ठेव तूर्त मोडू नका. आधी थोडे समजून घेऊ. मिक्सर घेताना आपण वॉट विचारतो, कुकर घेताना लिटर विचारतो. मग हेडफोनच्या बाबतीतच दुकानदाराच्या तोंडाकडे बघत का बसावे?

आवाज बारीक का येतो?

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. पहिला ओहमचा. मोबाईलबरोबर येणारे साधे हेडफोन बहुधा १६ किंवा ३२ ओहमचे असतात. ताईंच्या खोक्यावर ३०० ओहम लिहिले आहे. १९९७ साली आलेले सेनहायझरचे एचडी ६०० हे गाजलेले हेडफोनही ३०० ओहमचेच. म्हणजे वस्तू बिघडलेली नाही, तिची जातच तशी आहे.

आपल्या इमारतीच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी उंचावर असेल तर पाण्याला जोर येतो. नळी बारीक असेल तर तेवढ्याच जोरात पाणी कमी येते. विजेचा जोर म्हणजे व्होल्ट, आणि ३०० ओहम म्हणजे बारीक नळी. मोबाईलच्या भोकातून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. एक व्होल्ट धरला तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट मिळतात, नि ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३.३. आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते, हा आपल्या कानाचा हिशेब. म्हणजे बाकी सगळे सारखे असले तरी ताईंना आवाज निम्माच वाटणार. घरच्यांना हे सांगा, म्हणजे तोंडे बंद होतील!

दुसरा आकडा डेसिबलचा. तेवढ्याच विजेत हेडफोन किती मोठा बोलतो, ते तो सांगतो. म्हणून केवळ ओहम पाहून भागत नाही. प्लेनर जातीच्या काही हेडफोनांचे ओहम कमी असतात, पण डेसिबलचा आकडाही कमी असतो, आणि त्यांना वीज भरपूर लागते. दोन्ही आकडे कागदावर टिपून घ्या नि मगच दुकानाची पायरी चढा.

डॅक म्हणजे काय नि ॲम्प्लिफायर म्हणजे काय?

मोबाईलमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. त्या आकड्यांचे पुन्हा आवाजाच्या विजेत रूपांतर करतो तो डॅक. ती वीज पुरेशी जोरकस करतो तो ॲम्प्लिफायर. ही दोन्ही कामे प्रत्येक मोबाईलमध्ये नि लॅपटॉपमध्ये होतच असतात. तेव्हा "तुमच्याकडे डॅक नाही" असे कुणी म्हणाले तर हसून सोडून द्या. एखाद्या मोबाईलला भोकच नसते. २०१६ च्या आयफोन ७ पासून ही तऱ्हा वाढली. अशा वेळी जो बोटभर कनेक्टर लावतात, त्यातल्या पुष्कळांच्या पोटात छोटासा डॅक नि ॲम्प्लिफायर असतो. दिसायला क्षुल्लक, पण चांगल्या कनेक्टरचा आवाज इतका स्वच्छ असतो की कान त्यात खोट काढू शकत नाही. मात्र काही स्वस्त कनेक्टर नुसतीच तार असतात, आतमध्ये काहीच नाही. घेताना "ह्यात डॅक आहे ना?" एवढे जरूर विचारा.

आणि बिनतारी, ब्लूटूथवाले हेडफोन असतील तर डॅक नि ॲम्प्लिफायर दोन्ही त्यांच्याच आत असतात. तसे वापरताना बाहेरून वेगळे काही जोडून उपयोग नाही.

आधी ही परीक्षा घ्या

दुपारी घर शांत असताना तुमच्याकडचे सर्वांत हळुवार रेकॉर्डिंग लावा. सिनेमातले गाणे नको, ते बहुधा मुळातच मोठ्या आवाजात भरलेले असते. विलंबित ख्याल घ्या, सुरुवातीला नुसता तंबोरा असेल असा. आवाज शून्यावर ठेवून हेडफोन घाला नि हळूहळू वाढवत न्या. तीन चतुर्थांशावर समाधान झाले तर ॲम्प्लिफायरची गरज नाही. शेवटच्या टोकाला जाऊनही अपुरे वाटले तर पहिल्यांदा डॅकवाला कनेक्टर आणून पाहा. बऱ्याच घरांत गोष्ट इथेच मिटते. त्यानेही भागले नाही, तरच ॲम्प्लिफायर. आणि परीक्षा झाल्यावर आवाज आठवणीने खाली आणा, नाहीतर पुढचे गाणे ढोल-ताशासह लागेल नि कानाचे भिरभिरे होईल!

ॲम्प्लिफायर घ्यायचाच झाला तर

चार गोष्टी विचारा. पहिली : तुमच्या ओहमला तो किती व्होल्ट देतो? ३०० ओहमला ४ व्होल्ट मिळाले तर सुमारे ५३ मिलिवॉट होतात, म्हणजे एक व्होल्टच्या सोळापट. घरात ऐकायला हे भरपूर झाले. "हजार मिलिवॉट" ह्या आकड्याला भुलू नका. चार माणसांच्या भाजीला लग्नाची कढई कशाला?

दुसरी : त्याच्या स्वतःच्या बाहेर येण्याच्या तोंडाचे ओहम किती? ह्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून जास्त नसावा, असा एक सोपा नियम आहे. ३०० ओहमला ३७ पर्यंत चालेल, ३२ ओहमला ४ च्या आतच हवा.

ह्या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका दुकानात व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पाहिला. काचेच्या नळ्यांतला तो लालसर उजेड पाहून बाबांच्या जुन्या रेडिओची आठवण आली नि मी पर्स उघडली. घरी आणून माझ्या ३२ ओहमच्या हेडफोनना लावला, तर तबल्याचा डग्गा पोकळ डब्यावर थाप मारावी तसा घुमू लागला. दोष यंत्राचा नव्हता, जोडी विजोड होती. आतमध्ये ट्रान्सफॉर्मर नसलेले तसले पुष्कळ ॲम्प्लिफायर ३०० ओहमला शोभतात, ३२ ला नाही. मी विचारले नाही नि दुकानदाराने सांगितले नाही. तो ॲम्प्लिफायर शेवटी भाच्याकडे गेला. शिवाय व्हॉल्व्ह चांगलेच तापतात, बरं का! त्यांच्यावर क्रोशाचा रुमाल घालण्याचा मोह आवरा, नि लहान मुलांचे हात लांब ठेवा.

तिसरी : कमी-जास्त जोराचे बटण, म्हणजे गेन, आहे का? कानात घालायचे नाजूक हेडफोन जास्त गेनवर लावले की गाण्यामागे सूं-सूं ऐकू येते. मुलांचेही हेडफोन त्यालाच लागणार असतील तर हे बटण हवेच.

चौथी : परत घेतील का? घरी आणल्यावर लेकीला पाठीमागे बसवा नि कधी जुना, कधी नवा असे न सांगता लावायला सांगा. दोन्हींचा आवाज मात्र आधी सारखा करून घ्या, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच "चांगला" वाटतो. दहा वेळा करून तुम्हाला फरक सांगता आला नाही तर वस्तू सरळ परत करा. पैसे तुमचे, कानही तुमचेच.

ऐकताना घूं-घूं असा घुमारा येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घुमारा थांबला तर दोष विजेच्या जोडणीचा आहे. बॅटरीवर ऐका. पण म्हणून अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा उद्योग कुणालाही करू देऊ नका, जिवावर बेतेल.

आता आडाकडे वळू

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो ना? इथे आड म्हणजे मूळ रेकॉर्डिंग. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हापासून सेकंदाला ४४,१०० मोजमापे हा हिशेब रुळला आहे. माणसाच्या कानाला तो पुरतो. मोबाईलवरून गाणी ऐकताना मात्र डेटा वाचवण्यासाठी आवाज पुष्कळदा बारीक चाळणीतून काढलेला असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ क्वालिटी सर्वांत वरची करा. नव्या डॅकपेक्षा ह्याने फरक अधिक पडतो. शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीतली खरखर मात्र कुठलाच ॲम्प्लिफायर घालवणार नाही. उलट चांगल्या हेडफोनमध्ये ती अधिकच स्पष्ट ऐकू येईल. पैसे खर्च करण्याचा क्रम म्हणून असा ठेवा : आधी हेडफोन, मग रेकॉर्डिंग, मग गरज पडली तर ॲम्प्लिफायर, आणि सर्वांत शेवटी वेगळा डॅक.

आणि ताई, इथेच मला तुमच्याशी खरे बोलायचे आहे. चाळीस हजारांचा ॲम्प्लिफायर पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल. त्या तीन कॅसेटी पुन्हा मिळणार नाहीत. फीत जुनी होते, तिला दमट हवेत बुरशी धरते, एखाद्या दिवशी ती यंत्रात गुंतते नि गुरूंचा आवाज कायमचा जातो. तेव्हा आधी हे काम करा. चांगल्या स्थितीतला कॅसेट प्लेअर मिळवा. त्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलके पुसून वाळू द्या. फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट घरी मुळीच लावू नका, जाणकाराकडे द्या. नसेल तर कॅसेट पुढे शेवटपर्यंत नि पुन्हा मागे अशी एकदा फिरवून घ्या. मग प्लेअरची तार यूएसबीच्या छोट्या ऑडिओ इंटरफेसमधून कॉम्प्युटरला जोडा. ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आवाजाची पट्टी लाल टोकाला भिडणार नाही एवढी काळजी घ्या नि वेव्ह फाइलमध्ये भरून ठेवा. कॉलेजातला भाचा-पुतण्या हे एका रविवारात करून देईल. एक प्रत घरी, दुसरी मुलाकडे परदेशात. मूळ कॅसेटी मात्र टाकू नका.

शेवटचे, पण महत्त्वाचे

कान जपा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास पुरेत. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास! ॲम्प्लिफायर आला की हे भान सुटते, कारण स्वच्छ आवाज मोठा असूनही मोठा वाटत नाही. हेडफोन घालून शेजारच्या माणसाचे नेहमीच्या आवाजातले बोलणे अजिबात कळत नसेल, तर आवाज कमी करा.

ताईंच्या हेडफोनला मागून जाळी आहे, म्हणजे तो उघड्या पाठीचा. त्याचा एक फायदा : कुकरच्या शिट्ट्या नि दारावरची घंटा ऐकू येते. एक तोटा : आतले गाणे बाहेरही झिरपते, म्हणून रात्री शेजारी कुणी झोपले असेल तर कुरकुर होईल. ताई, तुम्ही दुपारची वेळ निवडा. जेवणे आटोपून ओटा आवरला की तासभर दार लोटून घ्या. कुणी विचारले तर "माझी गाण्याची वेळ आहे" असे सरळ सांगा. सात वर्षे शिकलेल्या बाईला एवढे म्हणायचा हक्क आहे.

ठेवीचे काय? ती राहू दे पोस्टातच. कनेक्टर आणि कॅसेटी उतरवायचा खर्च तिला हात न लावता भागेल. पहिल्या कॅसेटीत गुरूंनी तुम्हाला कुठला राग दिला होता, ते मात्र मला कळवा. वाट पाहते.

पुढच्या आठवड्यात : पावसाळा, कपाटे आणि ओल.