नुसते ओठ हलव

आमच्या वस्तीतल्या समूहगानाच्या वर्गात नवं मूल दाखल होतं तेव्हा सोबत आलेली आई बऱ्याचदा दबक्या आवाजात सांगते, ‘ताई, हिला गाता येत नाही हो. शाळेत बाई म्हणतात, तू नुसते ओठ हलव.’ मूल बाजूला उभं राहून हे ऐकत असतं. शाळेत मुलांना बोलल्या जाणाऱ्या वाक्यांत या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

बेसूर म्हणून शिक्का बसलेल्या बहुतेक मुलांचा कान ठणठणीत असतो. चुकलेली असते ती पट्टी, आणि ती मोठ्यांनी ठरवलेली. बाईंची काळी चार धरली, तर खालच्या ‘सा’वर लहान मुलांच्या गळ्यातून घरघर येते. सरांची काळी एक धरली, तर तार सप्तकात पोरं किंचाळतात. शिवाय सरांचा स्वर एक सप्तक खाली. तो ऐकून आपल्या गळ्यात वर उचलायचा, हे सात वर्षांच्या मुलाला आपोआप जमत नाही. काही मुलं तो खालचाच स्वर काढायला जातात आणि गुरगुरतात. बाईच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजातून तोच स्वर चटकन उचलतात.

म्हणून मी उलटं करते. मुलाला ‘आ’ म्हणायला लावते, लागेल त्या स्वरात. तो पेटीवर शोधते आणि मीच त्याच्या सुरात सूर मिळवते. दोन आवाज जुळल्याचं त्याला गळ्यात जाणवलं की तिथून एकेक स्वर वर सरकायचं. मध्येच रुग्णवाहिकेचा भोंगा काढायचा, खालून वर, वरून खाली. या भोंग्यात न बोलणारी मुलंही सामील होतात. शेजारच्या इमारतीतले काका मात्र खिडकी लावून घेतात.

खरी कसोटी बारा-तेराव्या वर्षी. मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज काही महिन्यांत जवळजवळ सप्तकभर खाली येतो. मधल्या काळात तो कुठे फाटेल, याचा भरवसा नाही. मुली हसतात, मुलगे क्रिकेटचं कारण काढून गळतात. (मुलींचाही आवाज बदलतो, थोडा उतरतो, हवेशीर होतो, त्याकडे कुणी लक्ष देत नाही.) अशा मुलाला चार-पाच स्वर उरलेले असतात. त्या चार-पाच स्वरांचं काम त्याला द्यायचं: खालचा ‘सा’ धरून ठेवणं किंवा पालुपदाखाली वेगळी, सोपी ओळ.

इथे आपली एकसुरी समूहगीतं अपुरी पडतात. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या मुलं निरनिराळे स्वरभाग एकत्र गायला शिकली आणि त्यांच्यातलेच वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. सलील चौधरींनी १९५०च्या दशकात बॉम्बे यूथ क्वायर उभा केला आणि १९५८ मध्ये रुमा गुहा ठाकुरतांनी कलकत्ता यूथ क्वायर. दोन्हीकडे देशी गाणी अशा वेगवेगळ्या स्वरभागांत बांधली गेली. आम्ही त्यातलं फार थोडं करतो, पण फुटक्या आवाजाच्या मुलाला थांबवून ठेवायला तेवढं पुरतं.

उलट दिशेचा त्रास वाहिन्यांवरच्या स्पर्धा पाहून येणाऱ्यांचा. प्रत्येक ओळीच्या शेवटी हरकत. पालक म्हणतात, ‘ताई, त्याला दोन ओळी एकट्याच्या द्या ना.’ मी देत नाही. त्याला ओळीच्या मधोमध श्वास घ्यायला सांगते, शेजारणीने घेतला नसेल तिथे. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं. चोरून, आळीपाळीने घेतला तर ओळ अखंड राहते. यासाठी शेजारी काय करतो आहे ते ऐकावं लागतं आणि हरकतवाल्यांना नेमकं तेच जड जातं. तसाच ‘स’. तीस मुलांनी ओळीचा शेवटचा ‘स’ आपापल्या वेळी म्हटला की फोडणी बसल्यासारखं ऐकू येतं. एका तालमीचा अर्धा वेळ त्या एका अक्षरावर गेला तरी मला चालतं.

समूहगीत स्पर्धांना आम्ही जात नाही. गायकांच्या संख्येवर मर्यादा असते, मग निवड आली, आणि कुणाला वगळायचं ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. गणेशोत्सवात मंडपात गातो. तिथे कुणी डोकी मोजत नाही आणि माइकवाला सोडला तर कुणाची तक्रार नसते. त्याचं म्हणणं, एवढ्या मुलांसाठी दोन माइक कसे पुरणार?