‘अपन किस तरफ थे?’

2020 च्या जूनमध्ये माझा मुलगा चौथीत गेला, पण शाळेत गेला नाही. मार्चपासून शाळा बंद होत्या, आणि खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर 2021 उजाडला. आमच्या किन्हीराजातल्या घरी फोन एकच, तोही सकाळी मुलांच्या अब्बूंच्या खिशातून मालेगावला जायचा. ऑनलाइन शिक्षण आमच्यासाठी रात्री नऊनंतर सुरू व्हायचं, तेव्हा मुलं झोपलेली असायची. मी शिक्षिका नाही, पण दोन्ही मुलांना घरीच बसवून शिकवू लागले.

गणित, मराठी निभावलं. अडले ते इतिहासाला. महाराष्ट्रात चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती. कुणीही रमून जावं असं ते पुस्तक आहे, मीही लहानपणी रमले होते. अफजलखानाच्या धड्यावर मुलाने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "अम्मी, अपन किस तरफ थे?"

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेक मुसलमान घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतो. काही मुलं तो आईला न विचारता वर्गातल्या मुलांकडून त्याचं उत्तर ऐकतात. माझ्या मुलाने घरात विचारला, एवढं नशीब.

मी घाबरून चूक केली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला महाराजांकडचे मुसलमान लिहिले: आरमारातला दौलतखान, चिटणीशीतला काझी हैदर. दुसऱ्या बाजूला महाराजांच्या विरोधातले हिंदू लिहिले: मोगलांचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग, अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर. यातलं खोटं काहीच नाही. पण मुलाने दोन्ही रकाने मोजले आणि म्हणाला, "मतलब दो-दो. ड्रॉ." त्याच्यासाठी तो क्रिकेटचा धावफलक झाला होता, आणि तो मीच आखून दिला होता. काझी हैदर पुढे मोगलांकडे गेला हे मला नंतर आठवलं. आता त्याला खोडून पलीकडे लिहायचं का? मग अचलपूरला 1490 मध्ये इमादशाही उभी करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क? फरिश्ता लिहितो की तो जन्माने विजयनगरकडचा हिंदू, लहानपणी लढाईत पकडला गेला. त्याला कुठल्या रकान्यात बसवणार?

आपल्याकडे मोबाइलवर फिरणाऱ्या ‘महान मुस्लिम शास्त्रज्ञां’च्या याद्यांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. त्या वाचून मोठ्यांना बरं वाटतं. मुलाला मात्र त्यातून इतिहास म्हणजे आपली बाजू मांडण्याची वकिली आहे, एवढंच कळतं.

ते पान फाडलं आणि सुतळीचा गुंडा घेतला. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर. दाराच्या चौकटीला 2020 ची गाठ मारली आणि सुतळी भिंतीवरून मागे मागे न्यायला सुरुवात केली. मोजायचं काम मुलाचं, चिठ्ठ्या अडकवायचं काम पहिलीतल्या धाकटीचं. पहिल्या चिठ्ठ्या घरातल्या: धाकटीचा जन्म, त्याचा जन्म, आमचं लग्न. मग दादीला विचारलं. तिला जन्मसाल माहीत नाही. पण मोठी फुफी झाली तो दुष्काळ माहीत आहे. दादी खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, हे सांगताना ती हाताने खडीचा ढीग दाखवत होती. 1972, दारापासून 48 सेंटिमीटर. मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा ‘पूर्वी’ या शब्दाला बोट लावलं.

पुढे मजा वाढली. 22 वर आमचा वाशीम जिल्हा, 1 जुलै 1998. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात. 60 वर महाराष्ट्र. त्याच्या चार बोटं मागे 1956, तोवर वऱ्हाड मध्य प्रदेशात होता. 167 वर 1853, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला ते साल. गावातलं एखादं घर जागचं न हलता इतक्या सरकारांखालून गेलं, हे मुलाला फार गमतीचं वाटलं. 1659 भिंत संपता संपता आलं, कारण आमची भिंत बारा फुटांची. अफजलखानाची भेट आणि राज्याभिषेक यांत अंतर 15 सेंटिमीटर, म्हणजे कंपासमधली छोटी पट्टी. पुस्तकभर पसरलेली गोष्ट पट्टीएवढी निघाली, तरी मुलगा खट्टू झाला नाही. पट्टीच्या अलीकडे-पलीकडे मोकळी सुतळी किती आहे, हेच तो बघत राहिला.

आता सुतळी अंगणात न्यावी लागली. हिजरतची, 622 ची गाठ जवळजवळ चौदा मीटरवर, फाटकापाशी. मुलांना वाटलं, संपलं. मी म्हटलं, वाशीम राहिलं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट 1939 मध्ये वाशीमला सापडला, काही भाग संस्कृत, काही प्राकृत. याच शाखेच्या हरिषेणाच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून घेतलं. ती सुतळी गल्ली ओलांडून शेजारच्या काकूंच्या कडुनिंबाला बांधली. काकूंनी विचारलं, "काय वाळत घालता ग?" धाकटी म्हणाली, "वाशीम!"

गावातले एक निवृत्त गुरुजी हे सगळं रस्त्यावरून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते शिवकालीन पत्रांचा एक छापील संग्रह घेऊन ओट्यावर आले. मास्क लावून लांब बसले आणि एका पत्रावरची तारीख त्यांनी मुलाला वाचायला सांगितली: ‘इसन्ने सबैन व अलफ’. मुलगा मकतबमध्ये अरबी आकडे शिकलेला. त्याने एकेक अक्षर लावलं. इसन्ने म्हणजे इस्नान, दोन. सबैन सत्तर. अलफ तर धाकटीलाही येत होतं, कारण सूरे कद्र तोंडपाठ आणि त्यात हजार महिने आहेत. दोन, सत्तर आणि हजार. 1072.

हा सुहूर सन. मराठी दप्तरांत पेशवाईतही तो चाले. त्यात 599 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मे असेल तर 600. म्हणजे 1671. वर्ष बदलतं मृग नक्षत्राला, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. म्हणजे शेतकऱ्याचा पावसाळा आणि अरबी आकडे एकाच ओळीत. महाराजांच्या कारकुनाच्या हातची तारीख चौथीतल्या पोराने कुणाच्या मदतीशिवाय वाचली होती. त्याने मला काही विचारलं नाही. वहीत लिहिलं, खाली दोनदा रेघ ओढली आणि गुरुजींना म्हणाला, "अजून एक द्या."

माझ्या दोन रकान्यांनी जे झालं नाही ते तीन शब्दांनी झालं. दौलतखान महाराजांकडे होता हे ऐकून मुलाला कुणाचं तरी प्रमाणपत्र मिळाल्यासारखं वाटलं असेल. तारीख वाचताना मात्र तो स्वतः त्या कागदात होता. उर्दूत ‘तारीख’ म्हणजे दिनांकही आणि इतिहासही, हे मला माहीत होतं, पण त्याचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं.

म्हणून घरी मुलांना शिकवणाऱ्या आयांना माझा आग्रह आहे: बाजारातला रंगीत तक्ता आणू नका. त्यात सगळ्या चौकटी सारख्या, दोन वर्षं आणि दोनशे वर्षं एकाच मापाची. सुतळी आणा. सुरुवात दादीपासून करा. आणि भरण्याची घाई करू नका. आमच्या सुतळीवर वत्सगुल्म आणि इमादशाही यांच्यामध्ये दहा मीटरहून जास्त जागा जवळजवळ रिकामी आहे. मुलगा दर काही दिवसांनी विचारतो, इथे काय होतं? मी सांगते, शोधू.

मूळ प्रश्नाचं उत्तर मी बऱ्याच दिवसांनी दिलं, त्याने पुन्हा विचारलं म्हणून. म्हटलं, 1659 मध्ये आपल्यातलं कोण कुठे होतं ते दादीलाही माहीत नाही, बहुधा कुणाच्या तरी शेतात निंदत असतील. त्याने चिठ्ठी केली, ‘शेतात (बहुधा)’, आणि 361 सेंटिमीटरवर अडकवली. दुसरी चिठ्ठी तिथे आधीच होती. त्याने ती काढली नाही, थोडी सरकवून जागा केली.