वजन प्रमाणात, मग ढेरीची चिंता कशाला?

नागपूरच्या अंबाझरी तलावाला सकाळची फेरी मारून तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर थांबलेल्या मंडळींत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ‘वजन प्रमाणात आहे. थोडी ढेरी सुटली तर काय बिघडलं? शुगर काय, घराण्यातच आहे.’ घराण्याचा वारसा खरा आहे. पण ज्याच्या घराण्यात शुगर आहे त्याने तर ढेरीला अधिकच भ्यावं.

आधी वजनाचं बघू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणं मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपला बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही, आणि हे वजनकाट्याला कळत नाही.

ही चरबी, विशेषतः पोटाभोवतीची, नुसती साठून राहत नाही. तिच्या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, काही मरतात. मेलेल्या पेशींचा निचरा करायला रोगप्रतिकारक यंत्रणेच्या मॅक्रोफेज पेशी येतात आणि त्यांच्याभोवती कडं करून बसतात. यालाच दाह म्हणतात. जखमेतला दाह जखम भरली की ओसरतो. इथे तो वर्षानुवर्षं धुमसतो. ताप नाही, ठणका नाही, म्हणून कुणी दखलही घेत नाही. पण त्यातून सुटणारी टीएनएफ-अल्फासारखी रसायनं स्नायूंत आणि यकृतात इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, आणि रक्तातली साखर चढू लागते. टीएनएफ निष्प्रभ केल्यावर लठ्ठ उंदरांत इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, हे १९९३ सालीच दिसलं होतं.

‘मग दाह कमी करणारी गोळी घेऊ, हळदीचं दूध पिऊ,’ असं म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवं. कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाची चाचणी दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर झाली. हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण नव्याने होणारा मधुमेह टळला नाही. चुलीत सरपण तसंच ठेवून वरून पाणी शिंपडण्यात अर्थ नाही. पोटावरची चरबी उतरली की दाहही उतरतो, आणि ती चालण्याने, ताटातलं कमी करण्याने उतरते. फेरीनंतरची दुसरी प्लेट आधी सोडा.

कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका धरावा. तपासणी शिबिरात वजन-उंची घेऊन तुम्हाला मोकळं केलं, तर टेप मागून घ्या आणि कंबर मोजायला लावा.